काखेत कळसा, डोंगराला वळसा

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरांतून एक मोहीम निघते. माळे खाली येतात, पलंगाखालची खोकी उजेड पाहतात, आणि "हे कशाला ठेवलंय?" हा एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. नव्या गादीवरून काढलेले प्लास्टिकचे जाड आवरण, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांची चळत, सायकलची ठिगळे लावून लावून संपलेली ट्यूब, विरलेले सुती लुगडे, आणि कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावलेला व वाऱ्याने उडून आपल्या गच्चीत येऊन पडलेला फ्लेक्स, या साऱ्यांची रवानगी भंगारवाल्याकडे ठरलेली असते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ही मोहीम बहुधा अर्ध्यावर आली असेल. म्हणून आधी एवढेच घाईघाईने सांगते: भंगारवाल्याला जिन्यातच थांबवा!

गैरसमज मात्र नको. बाटलीला लोकर गुंडाळून तिची बाहुली करण्याची मला हौस नाही. ती बाहुली पुढे दहा वर्षे कपाटावर धूळ खाते आणि पाहुण्यांना तिचे कौतुक करावे लागते. मी सांगणार आहे ते निराळेच आहे. वर सांगितलेली एकेक वस्तू डोंगरात अडकलेल्या माणसाची रात्र निभावून नेण्याच्या कामाची आहे, आणि अशी माणसे हल्ली आपल्याच घरांतून निघतात.

मी काही गिर्यारोहक नव्हे. तीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि दर वर्षी मुलींची एखादी तरी तुकडी घेऊन सह्याद्रीतला कुठला ना कुठला गड चढले. पन्नास मुली नेल्या की पन्नासच परत आणायच्या, हा हिशेब ज्याने एकदा केला आहे त्याला डोंगराची भीतीही कळते आणि त्या भीतीवरचा उताराही. 'हे' म्हणतात, "तू गडावर इतिहास पाहायला जात नसून मुंडकी मोजायला जातेस." खरे आहे ते. मुंडकी पुरी भरली की मग इतिहास.

हा विषय निघाला तो नातीच्या एका यादीवरून. दोन वर्षांपूर्वी तिच्या कॉलेजातली मंडळी पावसाळ्यात डोंगरात जायची होती. यादीत तंबू, झोपायची पिशवी, पाणी न शिरणारा कोट, ॲल्युमिनियमचे चकचकीत पांघरूण अशी सतरा कलमे होती आणि बेरीज आठ हजारांच्या वर जात होती. तिने ती यादी वाचली, घडी घातली आणि पुस्तकात ठेवून दिली. "मी नाही जात, आजी. मला तसाही कंटाळाच आलाय." मुलांना महिन्याच्या पंचवीस तारखेला येणारा हा कंटाळा आपण सगळ्या जणी ओळखतो! बापाच्या खिशाकडे पाहून आलेला असतो तो. मी यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न लिहिला: ही वस्तू करते काय?

हा प्रश्न विचारायचा तर आधी डोंगरात माणसाचे नडते कुठे, ते कळायला हवे. आपल्याला वाटते कडा नडतो, साप नडतो, फार तर भूक नडते. गारठ्याचे नावही कुणी घेत नाही, कारण गारठून मरायला हिमालयात जावे लागते अशी आपली समजूत आहे. भूगोल काय सांगतो पाहा. उंची हजार मीटरने वाढली की तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे किनाऱ्यावर २६ अंश असले तर माथ्यावर जेमतेम १५-१६. एवढ्यात कुणी दगावते का? कोरड्या अंगाने नाही. परंतु अंगावरचे सुती कपडे भिजलेले, वारा सुटलेला, पोटात काही नाही आणि रात्र सगळी बाकी, असे झाले तर तेवढाही गारठा पुरतो. स्थिर हवेच्या मानाने पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. शरीराच्या आतले तपमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी माणूस कुडकुडतो, मग बोटांनी गाठ सुटत नाही, मग जीभ जड होते, पाय अडखळतात. आणि एकाएकी कुडकुडणे थांबून "मला आता थंडी वाजत नाही" असे तो म्हणू लागला, तर हायसे वाटून घेऊ नका. ते सर्वांत वाईट चिन्ह आहे.

डोंगरात फिरणाऱ्यांत तिनाचा एक पाढा प्रसिद्ध आहे. हवेवाचून माणूस तीन मिनिटे काढतो, वाईट हवामानात आसऱ्यावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस आणि अन्नावाचून तीन आठवडे. हा काही काटेकोर हिशेब नव्हे, पण आधी काय आणि मागून काय हे त्यावरून कळते. 'आधी पोटोबा मग विठोबा' हा नियम घरी ठीक आहे. डोंगरात आधी आडोसा, मग पोटोबा.

आता त्या सतरा कलमांकडे वळू. तंबू काय, झोपायची पिशवी काय, कोट काय, सगळ्यांचे काम एकच: अंगाभोवतीची हवा कोरडी ठेवायची आणि जागच्या जागी अडवून धरायची. गोधडी ऊब देते म्हणतो आपण. गोधडीपाशी कुठली आलीय ऊब? ऊब आपलीच, तिच्या थरांत अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही एवढेच. भुशाच्या पेटीत ठेवलेला भात तासाभराने वाफाळता निघतो तो ह्याच न्यायाने. दुकानातली महागडी पिशवी हलकी असते, टिकाऊ असते, घडी लहान होते, आणि हे गुण पैसे देण्याजोगे आहेतच. पण हवा अडवण्याची विद्या काही तिने पेटंट घेऊन ठेवलेली नाही.

आपल्या मुलखाला ती पूर्वीपासून ठाऊक आहे. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतली की झाली खोळ. ती घेऊन लोक भर पावसात रानात गेले. कोकणात भातलावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. धनगराची घोंगडी चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली, आणि लोकर भिजली तरी पुरती ऊब सोडत नाही. त्यांच्यातल्या कुणीही यादी घेऊन दुकानात गेले नव्हते. आपण मात्र काखेत कळसा ठेवून डोंगराला वळसा घालीत आहोत!

पहिला कळसा म्हणजे ते गादीचे आवरण. एकेरी गादीवरचे प्लास्टिक ही सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी आयती पिशवी असते. पाय आधी घालून तिच्यात शिरावे, ती काखेपर्यंत ओढावी आणि गुडघे पोटाशी घेऊन बसावे. दुहेरी गादीचे असेल तर दोघे जण पाठीला पाठ लावून बसतात, आणि दोघांची ऊब दोघांना मिळते. डोके आणि तोंड मात्र केव्हाही बाहेरच. प्लास्टिकमध्ये श्वास कोंडला की क्षणात घात होतो. म्हणून लहान मुलांच्या हाती हे आवरण एकटे देऊ नये, आणि तोंडावर ओढून झोपण्याचा विचारसुद्धा करू नये. दुसरी गोष्ट, अंगातली वाफ प्लास्टिकला आतून धरते आणि तासाभरात आत दहिवर पडल्यासारखे होते. त्याला इलाज दोन: गळ्याकडची बाजू सैल ठेवावी, आणि आत रद्दी पसरावी.

रद्दी! किलोवर विकतो आपण तिला. पण सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये चार पाने घालून पाहा. 'टूर द फ्रान्स' या सायकलींच्या जगप्रसिद्ध शर्यतीत घाट चढून घामाघूम झालेले सायकलपटू उतरणीवरचा बोचरा वारा अडवण्यासाठी वर्तमानपत्र छातीशी खुपसत असत. पाने चुरगाळून घातली तर आणखी उत्तम, कारण सुरकुत्यांत हवा राहते. बूट ओले असतील तर कोरडा मोजा, त्यावर दुधाची पिशवी, मग बूट. पावले कोरडी राहिली की निम्मी हिंमत शाबूत राहते.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे आपण म्हणतो ते पैशांबद्दल, पण डोंगरात ती म्हण अक्षरशः खरी आहे. ओली जमीन खालून ऊब शोषत असते आणि आपण मात्र वरच्या पांघरुणाची काळजी करीत असतो. अंगाखाली जाड थर हवा. मिक्सर किंवा टीव्ही ज्यात गुंडाळून येतो ते फुगेवाले प्लास्टिक याला नामी. तेही हवाच विकते. ते नसेल तर रिकामी पाठपिशवी, दोरीचे वेटोळे, सुके गवत, पालापाचोळा, जे मिळेल ते बुडाखाली घ्यावे. गवत उचलण्याआधी काठीने हलवून पाहावे. आपल्याआधी तिथे कुणी वस्तीला असू शकते.

यादीतले ते ॲल्युमिनियमचे पांघरूण १९६४ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेत अंतराळातल्या कामासाठी तयार झाले. ते अंगातली उष्णता आरशासारखी परत फेकते. आता बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट उलटे करून पाहा. तोच चकचकीतपणा! इंग्लंडात अलीकडे लोकांनी अशी रिकामी पाकिटे धुऊन, उघडून, इस्तरीने एकमेकांना जोडून बेघर माणसांसाठी पांघरुणे केली आहेत. नातीने मे महिन्याच्या सुट्टीत तसे एक करायला घेतले. पाकिटे जमवण्याच्या निमित्ताने घरात किती वेफर्स खाल्ले गेले, तो हिशेब 'ह्यां'च्या डॉक्टरांपासून लपवून ठेवला आहे.

आता छप्पर. १९१६ साली दक्षिण ध्रुवाकडच्या एलिफंट बेटावर शॅकलटनचे २२ सोबती अडकले तेव्हा त्यांनी दगडांच्या भिंतींवर दोन होड्या उपड्या घातल्या आणि त्यांच्याखाली चार महिन्यांहून अधिक काळ काढला. बावीसच्या बावीस जिवंत परतले. उपडी होडी हे छप्पर, तर पुढाऱ्याचा फ्लेक्स का नसावा? तो पाणी पिऊ देत नाही, फाटता फाटत नाही. आणि ज्यांनी त्यावर हात जोडले आहेत त्यांच्या हातून तेवढीच जनसेवा घडते. फक्त त्याला दोरी ओवायला भोके नसतात, आणि भोक पाडले की तिथूनच तो उसवतो. त्याला युक्ती अशी: कोपऱ्यात सुपारीएवढा गोटा ठेवावा, भोवती फ्लेक्स गोळा करून पुरचुंडी करावी आणि पुरचुंडीच्या मानेला नाडी आवळावी. दोरी सुटणार नाही, फ्लेक्स फाटणार नाही. दोन झाडांमध्ये दोरी बांधून त्यावर फ्लेक्स टाकावा, वाऱ्याकडची बाजू थेट जमिनीला भिडवावी, आणि छप्पर बसल्यावर डोके लागेल इतकेच खाली ठेवावे. उंच दिवाणखाना थंड असतो. झाडावरचे पाणी दोरीवरून ओघळत आत येते. म्हणून छपराच्या अलीकडे दोरीला रुमालाची चिंधी बांधावी, म्हणजे पाणी तिच्यावरून खाली ठिबकते.

जागा निवडताना तीन ठिकाणे वर्ज्य. कोरडा दिसला तरी ओढ्याचा पाट नको. वर डोंगरात पाऊस झाला की तो न सांगता येतो. माळावरचे एकटे झाड नको. विजेला तेच आवडते. आणि ज्या कड्याला आग्यामोहोळ लोंबत असेल त्याच्या आसपास बसणेही नको, शेकोटी तर नकोच नको. धुराने माश्या उठतात आणि मग पळायला वाट पुरत नाही.

शेकोटीवरून आठवले. काडेपेटी दुधाच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी, आणि सोबत देवघरातल्या कापराच्या चार वड्या. पाण्यावर तरंगतानाही पेटणारी दुसरी वस्तू घरात नाही. सायकलच्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्याही ओल्या सरपणाला पेटवून देतात; वास येतो, पण त्या वेळी नाकाने तक्रार करू नये. एवढे सांगून लगेच बजावते की आग ही शेवटची पायरी आहे. दिवाळीनंतर रानातले गवत वाळते आणि एका ठिणगीने डोंगर जळतो. शिवाय बंद आडोशात, पिशवीजवळ किंवा गुहेच्या आत आग कधीही करू नये. धुराने आणि न दिसणाऱ्या वायूने माणूस झोपेतच जातो. बहुतेक रात्री आगीवाचून निघतात, कोरड्या हवेवाचून नाही.

लहानसहान वस्तूंत मान सेफ्टी पिनेचा. १८४९ साली वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून ती आपल्या बांगडीत अडकवण्यासाठीच निर्माण झाली असावी असे मला वाटत आले आहे. फाटलेला फ्लेक्स, तुटलेला पट्टा, पायातला काटा, दुखऱ्या हाताची झोळी, सगळे तीच सांभाळते. मग हवी शिट्टी. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी बसत नाही. डोंगरात संकटाची एक रूढ खूण अशी आहे: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन आल्या की समजावे, ऐकू गेले. रात्री हेच विजेरीने करावे. उन्हाचे दिवस असतील तर जुनी गाण्याची सीडी आरशासारखी चमकवता येते. आणि मोबाइलला रेघ मिळालीच तर ११२.

पाणी जुन्या लुगड्याने गाळावे, तेही चार पदरी करून. ही आजीबाईची समजूत नव्हे. बांगलादेशातल्या खेड्यांत असे पाणी गाळून पाहिले तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यात नव्यापेक्षा जुनी, धुऊन धुऊन विरलेली साडी अधिक कामाची ठरली, कारण तिच्या धाग्यांतल्या फटी बारीक झालेल्या असतात. जुन्या माणसांनी याची नोंद घ्यावी! तरी निम्मे म्हणजे सगळे नव्हे. उकळता आले तर उकळावेच.

इतके कौतुक केल्यावर घरच्या वस्तूंना जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे, नाही तर माझ्या सांगण्याने कुणाचा तरी हातपाय मोडायचा. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी छप्पर ताणायला चांगली. तिला माणूस लोंबकळू नये. लुगडे झोळीला चालेल, कडा उतरायला चालणार नाही. चढाईचा दोर घरी होत नाही, तसाच पकड असलेला बूटही घरी होत नाही. वाचवलेल्या पैशांतून आधी चांगले बूट आणि चांगली विजेरी घ्यावी. नातीच्या सतरा कलमांपैकी ही दोनच विकत आणली. बाकीच्या गाठोड्यावर दोरी, शिट्टी आणि सेल मिळून दोनशे रुपयेही लागले नाहीत.

पण गाठोडे बांधले म्हणजे विद्या आली असे नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसे अंधार पडल्यावर गाठ शिकू नये. म्हणून आषाढातल्या एका पावसाळी रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मी आणि नात दोघींनी फ्लेक्स ताणला. शेजारचे गृहस्थ गच्चीत टाकी पाहायला आले, तर समोर पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली प्लास्टिकात बसलेल्या आम्ही. ते न बोलता खाली गेले. दहिवराचा इलाज आणि डोक्याइतके छप्पर हे सारे त्याच रात्री नक्की झाले. पहाटे तीनला नात म्हणाली, "आजी, मला चक्क झोप लागली होती." मी म्हटले, "मग जा आता."

श्रावणात ती गेली. तिच्या मैत्रिणी मिळून चौघी जणी, भीमाशंकरच्या रानातून खांडसकडे उतरायच्या होत्या. जाताना तिने एक चिठ्ठी फ्रिजवर लावली: कुठल्या वाटेने, कोण कोण, पायथ्याचे गाव कुठले, किती वाजेपर्यंत परत. ही चिठ्ठी गाठोड्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू. संध्याकाळी सातची वेळ होती. आठ वाजले, साडेआठ वाजले. चौघींपैकी एकीचाही फोन लागेना. 'हे' गॅलरीत येरझाऱ्या घालीत होते आणि सूनबाई न बोलता तांदूळ निवडीत होती. ते तांदूळ तिने दोनदा निवडले. नऊ वाजता चिठ्ठीतल्या गावाच्या पोलीस पाटलांचा नंबर मिळवला. ते शांतपणे म्हणाले, "ओढा भरलाय, बाई. पोरी शहाण्या असतील तर वरच बसतील. रात्री कुणी हलायचं नाही. उजाडता आम्ही निघतो."

शहाण्या असतील तर! ती रात्र मी त्या एका शब्दावर काढली.

पुढचे नातीकडून कळले ते असे. चारच्या सुमाराला धुके उतरले आणि वाटेतला ओढा फुगला. पलीकडे वाट दिसत होती, पाणी गुडघ्याएवढे. एक मैत्रीण म्हणाली, हात धरून पटकन जाऊ. नात म्हणाली, नाही. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचा पाय उचलते, आणि ओढा पाऊस ओसरला की काही तासांत उतरतो. घाई आपल्याला आहे, त्याला नाही. त्या मागे फिरल्या आणि पाण्यापासून बऱ्याच उंचावर, वाऱ्याला पाठ देणाऱ्या एका कातळाशी फ्लेक्स ताणून बसल्या. दुहेरी गादीच्या आवरणात दोघी-दोघी आळीपाळीने, बाकीच्या दोघी रद्दी आणि वेफर्सचे पांघरूण घेऊन. राजगिऱ्याचे लाडू आठ होते. दर दोन तासांनी अर्धा अर्धा खाल्ला. एकीचे दात वाजायचे थांबेनात तेव्हा तिला मध्ये घेतले आणि पहाटेपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. सकाळी साडेसहाला पाणी उतरले. गावातली माणसे चढत होती, ह्या उतरत होत्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या देत मधल्या वाटेवर गाठ पडली.

फोन लागल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "आजी, नाडी पुरली नाही, ओढणी वापरली." सूनबाईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला तेव्हा कुठे मला खाली बसता आले.

ही गोष्ट कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. येणार तरी कशी? चार मुली भिजल्या आणि घरी आल्या, ही काही बातमी नव्हे. डोंगरातल्या शहाणपणाचे बक्षीस हेच असते की त्याची बातमी होत नाही. बातम्या होतात त्या पाण्यात पाय घालणाऱ्यांच्या. म्हणून आईबापांनी मुलांना डोंगराला पाठवू नये असे मी म्हणणार नाही. पाठवावे, मात्र थांबायला शिकवून पाठवावे. ज्याच्यापाशी कोरडी रात्र काढण्याचे साधन आहे तोच थांबू शकतो. ज्याच्यापाशी नाही तो अंधारातही पुढे चालत राहतो, आणि तिथेच घात होतो. गाठोड्याचा खरा उपयोग हा आहे. तुम्हाला "इथेच बसू" असे म्हणण्याची हिंमत ते देते.

आमच्या घरातून कुणी डोंगराला जात नाही, असे म्हणणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवत असेल. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसांनी रात्र बसमध्ये, कचेरीत, स्टेशनात ओल्या अंगाने काढली. त्या रात्री एक कोरडा मोजा आणि चार पाने रद्दी यांची किंमत मुंबईकरांना विचारावी. डोंगर कधी कधी आपणहून शहरात येतो.

तेव्हा आवराआवर करताना एक जुनी कापडी पिशवी बाजूला काढा. तिच्यात गादीचे आवरण, फ्लेक्स, दहा हात दोरी, चार नाड्या, रद्दी, दुधाच्या पिशव्या, लुगड्याचा तुकडा, काडेपेटी, कापूर, पिना, शिट्टी आणि विजेरी एवढे भरा, वर लाडू-चिक्की ठेवा. तोंड बांधून ती दाराजवळच्या खुंटीला टांगा. माळ्यावर टाकली तर ती पुढच्या दिवाळीलाच भेटेल. आणि हे काम मुलांच्या हातून करून घ्या. नाही तरी या दिवसांत पोरे अंगणात नाही तर जिन्याखाली मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे उभे करतात, अळीव पेरतात. यंदा किल्ला झाला की त्याच्या शेजारी एक फ्लेक्स ताणायला लावा. पुरचुंडी त्यांना बांधू द्या, सुटली तर पुन्हा बांधू द्या. मग बादलीभर पाणी वरून ओता आणि आत बसलेला गडी कोरडा राहतो का ते पाहा.

भिजला तर टॉवेल घरातच आहे. म्हणून तर हे घरी शिकायचे.